हापूसच्या हिशेबाचा प्रोग्रॅम: कुठला लूप काढावा, कुठला ठेवावा

प्रश्न असा आहे. देवगडकडच्या एका बागेतून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या आंबा पेट्यांचा हिशेब पायथनमध्ये ठेवलेला आहे. प्रोग्रॅम नीट चालतो. त्यात पाच फॉर लूप (यादीतल्या एकेका गोष्टीवर फिरून तेच काम करणारे तुकडे) आहेत: सीएसव्ही फाइल वाचणारा, ठराविक पेट्या निवडणारा, दलालवार बेरीज करणारा, हंगामाआधी घेतलेली उचल दलालाच्या प्रत्येक पट्टीतून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून) वळती करणारा आणि शेवटी हिशेब छापणारा. एका मित्राने कोड बघून सांगितलं की लूप ही जुनाट पद्धत, सगळं मॅप, फिल्टर आणि रिड्यूसने लिही, म्हणजे यादीतला प्रत्येक घटक बदलणाऱ्या, घटक निवडणाऱ्या आणि सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढणाऱ्या फंक्शनांनी. ते करावं का?

पाचपैकी एकच लूप काढा, तो म्हणजे पेट्या निवडणारा. बाकीचे चार राहू द्या. त्यातल्या उचलीच्या लूपला मात्र स्वतःचं फंक्शन द्या. कारणं खाली देतो, कारण पुढच्या प्रोग्रॅममध्ये हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

खालचा कोड उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिला आहे. टाइप करताना फॉर, इन, इफ वगैरे किवर्ड आणि अंक इंग्रजीतच लागतात. 'पेटी', 'पट्ट्या' अशी तुमची स्वतःची नावं मात्र पायथन ३ मध्ये नागरीत ठेवता येतात.

आधी 'जुनाट' या शब्दाचं बघू. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतला डू लूप १९५७चा आहे. यादीवर पुढे सरकत एक फंक्शन चालवून नवी यादी बनवायची कल्पना जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या भाषेवरच्या १९६०च्या लेखात मॅपलिस्ट या नावाने आहे. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच वयाच्या. पायथनमध्ये मॅप, फिल्टर, रिड्यूस आणि लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) १.० आवृत्तीपासून, म्हणजे १९९४ पासून आहेत, आणि लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (चौकटी कंसात एका ओळीत यादी बनवायची पद्धत) २०००मध्ये २.० आवृत्तीत आलं. वयावरून इथे काहीच ठरत नाही.

ठरतं ते एका प्रश्नावर: या फेरीला मागच्या फेरीतलं काही आठवावं लागतं का? पॅकिंग शेडमध्ये फळ काट्यावर ठेवून प्रतवारी करणाऱ्या बाईला मागचं फळ केवढं होतं याच्याशी कर्तव्य नसतं. हातातल्या फळाचं वजन बघायचं आणि ते चार डझनीत, पाच डझनीत की सहा डझनीत ते ठरवायचं. फळं कुठल्याही क्रमाने आली तरी निकाल तोच. टेम्पोत पेट्या चढवणाऱ्याला मात्र आतापर्यंत किती चढल्या ते आठवावं लागतं आणि टेम्पो भरला की थांबावं लागतं. पहिल्या प्रकारचं काम यादी बदलणाऱ्या फंक्शनांचं, दुसऱ्या प्रकारचं लूपचं. याला दोन पुरवण्या आहेत. काम बाहेरच्या जगावर परिणाम करत असेल (छापणं, फाइलमध्ये लिहिणं, मेसेज पाठवणं) तर लूप. आणि एखादी ओळ बिघडलेली निघाल्यावर बाकीच्यांचं काम चालू ठेवायचं असेल तरीही लूप.

आता निवडीचा लूप, जो काढायचा आहे. तो बहुधा असा असेल:

मोठी = []
फॉर पेटी इन पेट्या:
    इफ पेटी.डझन == ४:
        मोठी.अपेंड(पेटी)

हाच एका ओळीत:

मोठी = [पेटी फॉर पेटी इन पेट्या इफ पेटी.डझन == ४]

यात फायदा ओळी कमी होण्याचा नाही. वाचणाऱ्याला चौकटी कंस दिसताच कळतं की इथून एक यादी बाहेर पडणार, आणि आत दुसरं काही घडणार नाही. लूपमध्ये हे कळायला चारही ओळी वाचाव्या लागतात, कारण तिसऱ्या ओळीनंतर कुणी बेरीजही वाढवत असेल किंवा यादीतून काही काढतही असेल. ज्या लूपच्या पोटात फक्त एक अपेंड आणि फार तर एक इफ आहे, तो लूप डोळे मिटून असा बदलता येतो. पोटात तिसरी गोष्ट असेल तर थांबा आणि ती गोष्ट काय करते ते बघा.

लिहिताना सगळ्यात जास्त घोटाळा इफच्या जागेचा होतो. निवडणारा इफ फॉरच्या नंतर येतो आणि त्याला एल्स नसतो. किंमत बदलणारा इफ फॉरच्या आधी येतो आणि त्याला एल्स असावाच लागतो. 'चार डझनी असेल तर पेटी घे' हे पहिलं. 'चार डझनी असेल तर मोठी म्हण, नाहीतर लहान म्हण' हे दुसरं. दुसऱ्यात यादीची लांबी तेवढीच राहते. फॉरनंतरच्या इफला एल्स जोडलंत तर सिंटॅक्स एरर येते, आणि ती का आली हे संदेशावरून नेहमीच कळत नाही. दोन फॉर एकात घालायचे असतील तर त्यांचा क्रम साध्या लूपसारखाच, बाहेरचा आधी आणि आतला नंतर. दोन फॉरपेक्षा जास्त झाले की मी लूपकडे परत जातो आणि तुम्हालाही तेच सांगेन. एका ओळीत मावतं म्हणजे ते वाचता येतं असं नाही.

मग मॅप आणि फिल्टर कशाला? फंक्शन आधीच तयार असेल आणि त्याला नाव असेल तेव्हा मॅप छान वाचला जातो: मॅप(इंट, शब्द). लॅम्डा लिहावा लागत असेल तर पायथनमध्ये कॉम्प्रिहेन्शन बरं. ते स्वच्छही असतं आणि सहसा वेगवानही, कारण लॅम्डामुळे प्रत्येक घटकामागे एक फंक्शन कॉल वाढतो.

पायथन ३ मध्ये मॅप आणि फिल्टर यादी देत नाहीत. ते एक आळशी वाचक देतात, जो मागितल्याशिवाय काम करत नाही आणि एकदाच वाचता येतो. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये हे फार महाग पडतं. समजा विक्री = मॅप(भाव_काढ, पेट्या) असं लिहिलं आणि सम(विक्री) घेतलं. समजा ७६,४०० आले. खालच्या ओळीत सरासरीसाठी पुन्हा सम(विक्री) घेतलं तर उत्तर शून्य येतं. एरर येत नाही, इशारा येत नाही. लेन(विक्री) विचारलं असतं तर निदान टाइपएरर तरी आला असता. एकाहून जास्त वेळा लागणार असेल तर यादीच बनवा. 'बेरीज पहिल्यांदा बरोबर, दुसऱ्यांदा शून्य' हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधूच नका, कुठेतरी आळशी वाचक संपलेला आहे.

फिल्टरला फंक्शनऐवजी नन (म्हणजे 'काहीच नाही') दिलं तर तो 'रिकाम्या' गोष्टी गाळतो, आणि शून्य ही त्याच्या लेखी रिकामी गोष्ट आहे. नुसतं 'इफ पेटी.भाव' लिहिलं तरी हेच होतं. साका (फळात आतून होणारा बिघाड) निघाल्यामुळे शून्य भावाने गेलेली पेटी आणि भाव भरायचा राहून गेलेली पेटी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिली पेट्यांच्या मोजणीत धरायलाच हवी. म्हणून 'इफ पेटी.भाव इज नॉट नन' असं पूर्ण लिहा.

निवडीचं काम लूपमध्ये ठेवणारे आणखी एक चूक करतात: त्याच यादीवर फिरता फिरता त्याच यादीतून घटक काढणं. भाव १२००, ०, ०, १५०० असे आहेत आणि शून्य काढून टाकायचे आहेत असं समजा. लूप दुसऱ्या जागेवरचं शून्य काढतो, मागचे घटक एक जागा पुढे सरकतात, आणि लूप तिसऱ्या जागेकडे जातो. तिथे आता १५०० आहे. दुसरं शून्य न तपासताच राहून जातं. लागोपाठ दोन शून्यं नसतील तेव्हा हाच कोड बरोबर चालतो, त्यामुळे ही चूक दहा फाइलींत सापडत नाही आणि अकराव्या फाइलीत सापडते. कॉम्प्रिहेन्शन नवी यादी बनवतं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. तुमच्या निवडीच्या लूपमध्ये रिमूव्ह किंवा डेल असेल तर तो आजच बदला.

फाइल वाचणारा लूप का ठेवायचा, ते आता बघू. कारण बिघडलेल्या ओळी. हंगामात घाईघाईत भरलेल्या फाइलीत भावाच्या जागी '२,४००' असा स्वल्पविराम असतो, कधी 'बाकी' असं लिहिलेलं असतं, कधी ओळ अर्धीच असते. कॉम्प्रिहेन्शनच्या आत ट्राय (चूक झाली तर ती पकडायची सोय) लिहिता येत नाही. एक ओळ बिघडली की अख्खी यादी गेली, आणि ट्रेसबॅक कॉम्प्रिहेन्शनची ओळ दाखवतो, फाइलीतली नाही. लूपमध्ये हे सरळ जमतं:

चांगल्या, बिघडलेल्या = [], []
फॉर ओळ इन वाचक:
    ट्राय:
        चांगल्या.अपेंड(पेटी_बनव(ओळ))
    एक्सेप्ट (व्हॅल्यूएरर, टाइपएरर, ॲट्रिब्यूटएरर) ॲज चूक:
        बिघडलेल्या.अपेंड((वाचक.लाइन_नम, स्ट्र(चूक)))

यातल्या प्रत्येक तुकड्याला कारण आहे. वाचक म्हणजे सीएसव्ही मॉड्यूलमधला डिक्टरीडर. ओळीत शेवटचे रकाने नसतील तर तो त्यांच्या जागी नन ठेवतो, आणि इंटला नन दिलं की व्हॅल्यूएरर येत नाही, टाइपएरर येतो. साफसफाईसाठी ननवर रिप्लेस किंवा स्ट्रिप लावलं तर ॲट्रिब्यूटएरर येतो. म्हणून तिन्ही पकडायचे. डिक्टरीडर पूर्ण रिकाम्या ओळी गुपचूप गाळतो, त्यामुळे एन्युमरेटने मोजलेला क्रमांक फाइलीतल्या ओळीशी जुळत नाही. लाइन_नम जुळतो. फाइल एक्सेलमधून 'यूटीएफ-८ सीएसव्ही' म्हणून साठवली असेल तर उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि 'तारीख' रकाना समोर दिसत असूनही कीएरर येतो.

नागरी अंकांची काळजी नको. पायथनचा इंट '१२' हे बारा म्हणून बिनतक्रार वाचतो. पुढेमागे मोबाइलसाठी जावास्क्रिप्टकडे गेलात तर तिथला पार्सइंट हेच नागरी '१२' वाचत नाही, नॅन ('आकडा नाही') देतो.

आता पेटी_बनव या फंक्शनकडे बघा. एक ओळ घेते, एक पेटी देते, मागचं काही आठवत नाही. म्हणजे स्वभावाने हे मॅपचंच काम आहे, ते लूपमधून हाकलं जातंय एवढंच. साफसफाई सगळी याच फंक्शनात करा: भावातला स्वल्पविराम काढणं, नावाच्या मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढणं. आणि मराठी नावांसाठी एक खास गोष्ट. 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकात नुक्ता असलेला 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण पायथनच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत. युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइजने हे दोन एक होत नाहीत, रिप्लेस लावून एकाचं दुसरं करावं लागतं. ते केलं नाही तर एकाच दलालाची बेरीज दोन ठिकाणी विभागली जाते. फंक्शन वेगळं असेल तर एकेका नावावर चालवून हे तपासता येतं. लूपच्या पोटात कोंबलेलं असेल तर तपासायला अख्खी फाइल लागते.

दलालवार बेरजेचा लूप असा ठेवा:

बेरीज = डिफॉल्टडिक्ट(इंट)
फॉर पेटी इन पेट्या:
    बेरीज[पेटी.दलाल] += पेटी.भाव

डिफॉल्टडिक्ट म्हणजे नावासमोर रक्कम ठेवणारी डिक्शनरी, नवं नाव आलं की ती शून्यापासून सुरू करते. यापेक्षा सरळ काही होत नाही. मित्र इथे रिड्यूस सुचवेल. त्याच्या लॅम्डाला दोनपैकी एक करावं लागेल: आलेल्या डिक्शनरीतच बदल करून ती परत द्यायची, किंवा दर वेळी नवी प्रत बनवायची. पहिल्यात रिड्यूसचा पोशाख घातलेला लूपच आहे. दुसऱ्यात वेळ वाया जातो. दहा हजार वेगवेगळ्या किल्ल्या (इथे दलालांची नावं) असतील तर शून्य, एक, दोन असं करत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत प्रती होतात, म्हणजे जवळजवळ पाच कोटी घटकांची नक्कल, जिथे दहा हजार बेरजा पुरल्या असत्या. दलाल चारच आहेत म्हणून तुमच्याकडे हे दिसणार नाही. रोजच्या पेट्यांच्या याद्या रिड्यूसने किंवा सम(याद्या, []) असं लिहून एकाला एक जोडल्यात तर हेच दुखणं तिथे उठेल. तिथे इटरटूल्समधलं चेन वापरा.

पायथनचे निर्माते गुइडो व्हॅन रॉसम यांनाही रिड्यूस वाचायला अवघड वाटत असे. बेरीज-गुणाकारापलीकडचा रिड्यूस दिसला की कागद घेऊन आकृती काढावी लागते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पायथन ३ मध्ये तो फंकटूल्स मॉड्यूलमध्ये हलवला गेला. नेहमीच्या गरजांना नावाची फंक्शनं आहेत: सम, मिन, मॅक्स, एनी, ऑल, जॉइन, आणि नुसती मोजणी असेल तर काउंटर. 'प्रत्येक दलालाकडे किती पेट्या' याला काउंटर(पेटी.दलाल फॉर पेटी इन पेट्या) पुरतं. ही फंक्शनं सढळ हाताने वापरा. त्यांच्या जागी हाताने लिहिलेला लूप मला कधीच बरा वाटत नाही.

ग्रुपबाय वापरायचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेवा: इटरटूल्सचं ग्रुपबाय फक्त लागोपाठचे सारखे घटक एकत्र करतं. फाइल तारखेनुसार लावलेली आहे, म्हणजे एकच दलाल सोमवारी एका गटात आणि गुरुवारी दुसऱ्या गटात येणार. त्यावरून डिक्शनरी बनवली तर शेवटचा गट आधीच्यांना पुसून टाकतो आणि बेरीज कमी येते. आधी त्याच किल्लीवर सॉर्ट करावं लागतं. डिफॉल्टडिक्टला क्रमाशी देणंघेणं नाही.

उचलीचा हिशेब म्हणजे मागची फेरी आठवणाऱ्या कामाचा नमुना. पन्नास हजार उचल आहे आणि चार पट्ट्या आल्या: १८,०००, २२,५००, १५,००० आणि २०,०००. पहिलीतून सगळे कापले, उचल उरली ३२,०००. दुसरीतून सगळे, उरली ९,५००. तिसरीतून ९,५०० कापून ५,५०० हाती. चौथी पूर्ण हाती. चौथ्या पट्टीचं उत्तर पहिल्या तिघींवर अवलंबून आहे, म्हणून इथे मॅप चालूच शकत नाही. हा लूप फंक्शनात असा ठेवा:

डेफ वळती(पट्ट्या, उचल):
    फॉर रक्कम इन पट्ट्या:
        कापली = मिन(रक्कम, उचल)
        उचल -= कापली
        यील्ड रक्कम, कापली, रक्कम - कापली, उचल

आत लूप आहे, बाहेरून मात्र ती यादीसारखी वाचता येते. छापणाऱ्या कोडला उचल कशी मोजली हे कळायची गरज उरत नाही. 'लूप की यादीवरचं फंक्शन' या वादावर मला सगळ्यात उपयोगी वाटणारं उत्तर हेच: आठवण ठेवणारा लूप एका जनरेटरमध्ये (यील्डने एकेक उत्तर देणाऱ्या अशा फंक्शनात) बंद करा आणि बाकीचा प्रोग्रॅम सरळ ठेवा. जनरेटरही एकदाच वाचता येतो, वर सांगितलेला शून्याचा प्रकार इथेही होईल, म्हणून दोनदा लागत असेल तर लिस्टमध्ये घ्या.

यातला मिन एक जास्तीचं काम बरोबर करतो. भाव पडलेल्या दिवशी मोटारभाडं आणि हमाली वजा जाऊन पट्टी उणे आली, समजा उणे ६००, तर मिन उणे ६०० देतो, उचल ६०० ने वाढते आणि हाती शून्य. हिशेब असाच हवा. पण हे योगायोगाने बरोबर आहे असं पुढच्या माणसाला वाटू नये, म्हणून उणे पट्टीची एक टेस्ट लिहून ठेवा. नाहीतर कुणीतरी 'उणे रक्कम कशी असेल' म्हणून तिथे मॅक्स(०, रक्कम) घालेल आणि सहाशे रुपये हिशेबातून गायब होतील.

लूप न लिहिता चालती बाकी काढायला इटरटूल्समध्ये एक्युम्युलेट आहे. ३.८ पासून त्याला इनिशियल देता येतं. पण चार पट्ट्यांना तो पाच आकडे देतो: ५०,०००, ३२,०००, ९,५००, ०, ०. पहिला आकडा सुरुवातीचा. हे झिपने पट्ट्यांशी जोडलं तर पहिल्या पट्टीसमोर ५०,००० येतात, सगळं एक घर सरकतं आणि शेवटची बाकी कापली जाते, कारण झिप आखूड यादीपाशी थांबतो. झिपचा हाच स्वभाव दुसरीकडेही नडतो. चाळीस पेट्या आणि एकोणचाळीस भाव जोडले तर शेवटची पेटी फुकट गेली आणि एररही नाही. दोन याद्या दिलेला मॅपही तसाच थांबतो. ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं, मग लांबी वेगळी असेल तर व्हॅल्यूएरर येतो. पैशाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक झिपला ते द्या.

छापणाऱ्या लूपबद्दल थोडक्यात. मॅप(छाप, पट्ट्या) एवढंच लिहिलं तर पायथन ३ मध्ये काहीही छापलं जात नाही, कारण मॅपकडे कुणी मागितलंच नाही. छापण्याच्या जागी दलालाला मेसेज पाठवणं असेल तर मेसेज जात नाहीत आणि प्रोग्रॅम मात्र यशस्वी दिसतो. [छाप(प) फॉर प इन पट्ट्या] लिहून ते चालवता येतं, पण मागे ननांची एक यादी उरते आणि वाचणारा ती यादी कुठे वापरली ते शोधत बसतो.

मधेच थांबायचं असेल तिथेही लूप आणि ब्रेक. टेम्पोत मावतील तेवढ्याच पेट्या घ्यायच्या असतील तर कुणी टेकव्हाइल (अट खरी असेपर्यंतच घटक देणारं फंक्शन) सुचवेल. टेकव्हाइल एकेका पेटीकडे बघतो, आतापर्यंतच्या बेरजेकडे नाही. शिवाय अट मोडणारी पहिली पेटी तो वाचकातून काढून घेतो आणि परत ठेवत नाही. पुढच्या टेम्पोसाठी तोच वाचक वापरला तर एक पेटी दोन्ही टेम्पोंतून वगळली जाते. नुसता पहिला सापडणारा घटक हवा असेल तर मात्र नेक्स्टला जनरेटर आणि दुसरं मूल्य नन द्या, ब्रेकपेक्षा ते सुटसुटीत आहे.

मित्राचा सल्ला जावास्क्रिप्टमधून आला असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे तो रास्तही आहे. जावास्क्रिप्टमध्ये कॉम्प्रिहेन्शन नाही, २००९च्या पाचव्या आवृत्तीपासून ॲरेला मॅप, फिल्टर, रिड्यूस, फॉरईच आहेत, आणि सगळे तेच वापरतात. तिथले खड्डे वेगळे. तिथला मॅप फंक्शनला घटकासोबत त्याचा क्रमांकही देतो, म्हणून '१०', '१०', '१०' (इंग्रजी अंकांत) या यादीवर नुसता पार्सइंट मॅप केला तर १०, नॅन, २ असं उत्तर येतं, कारण क्रमांक हा अंकपद्धतीचा पाया समजला जातो. फॉरईचमधून ब्रेक करता येत नाही, रिटर्न फक्त त्या फेरीपुरतं लागू होतं. फॉरईचमध्ये असिंक फंक्शन दिलं तर तो कुणासाठी थांबत नाही, सर्व्हरवर साठवायचं काम अर्धवट असतानाच पुढची ओळ चालते. तिथे फॉर-ऑफ आणि अवेट वापरा. सुरुवातीचं मूल्य न देता रिड्यूस लिहिला आणि त्या दिवशी एकही पेटी गेली नसेल, तर रिकाम्या ॲरेवर टाइपएरर येतो.

वेगाचा मुद्दा मित्राने काढलाच असेल. कॉम्प्रिहेन्शन अपेंडवाल्या लूपपेक्षा सहसा थोडं वेगवान असतं, आणि ३.१२ मध्ये त्यासाठी होणारा आतला फंक्शन कॉलही काढून टाकला आहे. पण हंगामाच्या पाच हजार ओळींना दोन्ही क्षणात संपतात. तुमचा प्रोग्रॅम रेंगाळत असेल तर कारण दुसरं असतं. एक नेहमीचं: निवडीच्या अटीत 'इफ पेटी.क्रमांक इन परत_आलेल्या' आहे आणि परत_आलेल्या ही यादी आहे. दोन्हीकडे पाच हजार असतील तर अडीच कोटींपर्यंत तुलना. ती यादी एकदा सेटमध्ये बदला, लूप असो की कॉम्प्रिहेन्शन. सेटमध्ये शोधायला सगळे घटक चाळावे लागत नाहीत. मोजायचंच असेल तर टाइमइटने मोजा, डोळ्याने नको.

पैसे रुपयांतल्या दशांशात ठेवू नका, पैशांत पूर्णांक ठेवा. आणि पूर्ण रुपये कधी करायचे याचा क्रम कागदी पट्टीप्रमाणेच ठेवा. तीन ओळींना प्रत्येकी ३३.४० रुपये हमाली असेल तर आधी प्रत्येक ओळ पूर्ण रुपयात आणून बेरीज ९९ येते, आधी बेरीज करून १००. मॅप आधी आणि सम नंतर, की उलट, हे तुमच्या आवडीवर नाही, दलाल पट्टी कशी लिहितो त्यावर आहे.

बदल करताना मागच्या हंगामाची फाइल घ्या, आत्ताच्या कोडने आलेली दलालवार बेरीज, एकूण पेट्या आणि शेवटची बाकी उचल लिहून ठेवा. मग फक्त निवडीचा लूप बदला, पुन्हा चालवा, तिन्ही आकडे जुळवा. त्यानंतर उचलीचं फंक्शन वेगळं करा आणि पुन्हा जुळवा. दोन्ही बदल एकदम केले तर आकडा चुकल्यावर कुठला बदल चुकला ते कळणार नाही. सोबत चार छोट्या फाइली बनवून ठेवा: एकही पेटी नसलेली, एकच पेटी असलेली, उणे पट्टीची, आणि एका ओळीत भाव 'बाकी' असलेली. रिकाम्या फाइलीवर मॅक्स व्हॅल्यूएरर देतो, त्याला डिफॉल्ट=० द्यायचं राहिलं असेल तर ते तिथेच कळेल.